शेपटीचा पत्रा

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत बॉम्बर विमान कोसळून एनिडचा भाऊ सिरिल गेला, त्याला साठ वर्षं झाली होती. तेव्हापासून ती त्या विमानाचे मिळतील ते अवशेष जमवत आली होती. आज हाम्बुर्गहून आलेला डेटलेफ नावाचा गृहस्थ त्याच विमानाच्या शेपटीचा पत्रा घेऊन इंग्लंडमध्ये लिंकनशरला तिच्या दारात उभा होता.

"हा तुमच्याकडे कसा?"

"ते विमान माझ्या वडिलांनी पाडलं."

एनिडने त्याला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. "म्हणजे विजयाची खूण म्हणून जपलात."

"ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आता हॉस्पिटलमध्ये आहेत, फार दिवस नाहीत त्यांचे. त्यांनी चारच पॅराशूट उघडलेली मोजली होती. विमानात तर सातजण असायचे. उरलेले तिघे उतरले का, तेवढं विचारून ये म्हणालेत."

एनिड पत्र्यावरच्या गोळ्यांच्या भोकांवरून बोट फिरवत राहिली. डेटलेफ मान खाली घालून उभा होता.

"उतरले," ती शेवटी म्हणाली. "धुरात दिसले नसतील त्यांना. सांगा, सगळे उतरले. माझा भाऊसुद्धा."