तिसरी तार

"अजून काहीच नाही?" मामांनी विचारलं.

"नाही. चाळीस मिनिटं झाली," रेडिओवाला म्हणाला. "तिचा रेडिओ सकाळीही खरखरतच होता."

शेवटचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. पस्तीस हजार फुटांवरून ती हसत म्हणाली होती, "मामा, ढग कसले मस्त दिसतायत, अगदी..." आणि वाक्य तिथंच तुटलं होतं.

मामा विमानवाहू जहाजाच्या डेकवर, मागच्या टोकाशी, डाव्या कडेला उभे होते. येणाऱ्या विमानाकडे बघून वैमानिकाला उतरवून घ्यायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. त्यांच्या हातात एक बटण असे. ते दाबलं की लाल दिवे लुकलुकत आणि वैमानिक उतरायचं सोडून पुन्हा वर जाई. बाकी भरवसा डेकवर आडव्या ताणलेल्या चार तारांचा. विमानाच्या शेपटीचा हूक त्यातल्या एकीत अडकला तर विमान थांबलं. नाही अडकला तर पुढं समुद्रच.

खरं तर ते मामा एकीचेच. दोन वर्षांपूर्वी त्यांची सख्खी भाची वैमानिक होऊन याच जहाजावर आली आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "मामा!" म्हणून ओरडली. तेव्हापासून कप्तानापासून आचाऱ्यापर्यंत अख्खं जहाज त्यांचं भाचरू झालं होतं. ते वरवर चिडत, पण आतून सुखावत.

आज भाची एक नवं यंत्र घेऊन वर गेली होती. उंचावर एकदा ते चालू केलं की यंत्रच विमान परत आणणार, चाकं काढणार, हूक सोडणार आणि डेकवर टेकवणार. वैमानिकानं नुसतं बसायचं. हे यंत्र बनवणारा इंजिनिअर आज मामांच्या शेजारीच उभा होता. यंत्र आलं तर मामांची जागा जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

सकाळी चहाच्या वेळी मामांनी भाचीला बाजूला घेतलं होतं.

"खाली येताना ते बंद कर. हातानं उतर."

"आणि कळलं तर?"

"मी निस्तरीन. या कागदी शहाण्यांना एकदा बघू तर दे."

"बरं मामा. दिला शब्द," ती डोळे मिचकावून म्हणाली होती.

फोन वाजला. कप्तान होता.

"मामा, समुद्र चढलाय. डेकचं टोक दोन मजले वर-खाली होतंय आणि तिला रेडिओ नाही. तिला उडी मारायची खूण करा. हेलिकॉप्टर पाण्यातून उचलेल."

"पाणी बर्फासारखं आहे साहेब. एकदा येऊ द्या तिला."

"भाची आहे म्हणून सांगताय?"

"भाची आहे म्हणून तर उडी मार म्हणालो असतो. वैमानिक चांगली आहे म्हणून सांगतोय."

"एकदाच," कप्तान म्हणाला. "जबाबदारी तुमची."

राखाडी ढगांतून विमान बाहेर आलं. तिचा रेडिओ ऐकत असेल, नुसता बोलत नसेल, या आशेवर ते माइकमध्ये म्हणाले, "ऐकू येतंय ना गं? येत असेल तर पंख हलव."

विमानाचे पंख एकदा डावीकडे झुकले, मग उजवीकडे.

"बघा!" मामांनी इंजिनिअरच्या पाठीवर थाप मारली.

"वाऱ्यानंही हलतात," तो पुटपुटला. "यंत्र चालू आहे की बंद, ते मला इथून दिसत नाहीये. रेडिओबरोबर तेही गेलं."

"मला दिसतंय. तिला इथं उतरायला मी शिकवलंय."

विमान जवळ येत गेलं. मामा बोलत राहिले. "छान. अशीच ये. घाई नको. आईला आज फोन करायचाय ना? मग नीट ये." जहाजाचं टोक खाली गेलं आणि लाटेनं उचलून एकदम वर आलं. मामांचा अंगठा बटणावर घट्ट झाला. आणखी अर्धा क्षण, आणि त्यांनी दाबलंच असतं. पण विमानानं नाक जरासं उचललं, डेक खाली जाईपर्यंत वाट पाहिली आणि अलगद खाली आलं.

धाडकन आवाज झाला. हूक तिसऱ्या तारेत, अगदी मधोमध. तार ताणली गेली, विमान हिसका बसून थांबलं.

डेकवर आरोळ्या उठल्या. मामांचा जीव भांड्यात पडला. डोळे पुसत ते इंजिनिअरकडे वळले.

"डेक वर येताना थांबली, बघितलंत? हे तुमच्या डब्याला सुचलं असतं?"

इंजिनिअरनं मान खाली घातली. "नसतं सुचलं," तो म्हणाला. "मान्य आहे. तसं लिहून देतो."

विमानाचं इंजिन मात्र अजून गरजत होतं. डेकवरचा माणूस हात हलवून इंजिन बंद करायची खूण करत होता. त्यानं पुन्हा खूण केली. तिसऱ्यांदाही केली.

"बसू द्या तिला दोन मिनिटं," मामा हसत ओरडले. "हातपाय कापत असतील पोरीचे!"

शेवटी दोघांनी शिडी लावून काच उघडली. एकानं आत वाकून इंजिन बंद केलं, आणि डॉक्टरला हाक मारली. डॉक्टर धावत वर चढला. मामाही धावले, पण ते शिडीशी पोचेपर्यंत तो खाली उतरत होता.

"शुद्ध हरपलीय का?" मामांनी विचारलं. "भीतीनं होतं असं. उतरली मात्र काय सुरेख! बघितलंत ना तुम्ही?"

डॉक्टरनं त्यांचे दोन्ही खांदे धरले.

"मामा, प्राणवायूची नळी सुटलीय. अंग गार पडलंय तिचं. जाऊन पाऊण तास तरी झालाय."