वळसा

मोजणीदारांची हयात जमिनी मोजण्यात गेलेली, त्यामुळे निवृत्तीनंतर मोबाईलवरचा हा खेळ त्यांना मानवला. कुणीतरी कुठेतरी डबा लपवून ठेवतं. आपण जवळ जाऊ तसा मोबाईल भराभर बीप-बीप करतो, लांब गेलो की मंदावतो. डबा सापडला की आतल्या वहीत दोन ओळी लिहायच्या आणि तो होता तिथे ठेवून द्यायचा.

आज त्या आवाजाने त्यांना तीन गल्ल्या फिरवलं आणि एका हिरव्या दाराशी आणून उभं केलं. तिथे तर मोबाईल नुसता कोकलायला लागला. त्यांनी संकोचतच बेल वाजवली.

"माफ करा हं बाई, डबा तुमच्याच घरात दाखवतोय."

"या. चपलांच्या कपाटावर आहे," दार उघडणारी म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं, कंटाळाही नव्हता.

त्यांनी डबा उघडला, वहीत तारीख घातली आणि लिहिलं, 'प्रथमच आलो. माणसं चांगली वाटली.' मग सहज मागची पानं चाळली. पानोपानी एकेका दिवसाची तारीख आणि खाली हेच वाक्य. अक्षरही थेट त्यांच्याच वळणाचं, आखल्यासारखं सरळ. माणूस नेटका दिसतोय, त्यांना वाटलं.

"हे कोण हो रोज येतात तुमच्याकडे?"

तिने त्यांच्या हातातला मोबाईल घेतला आणि उद्यासाठी चार्जिंगला लावला.

 

"माझे बाबा."