परीक्षेनंतरचा प्रवास

फरशीवर देशाचा नकाशा पसरला होता. वर्षभरात रेवाची नजर जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याआधी लेकीला सगळा देश दाखवायचा सुमेधाने चंगच बांधला. फक्त वार्षिक परीक्षा तेवढी उरकू दे, म्हणाली.

"आधी काश्मीरचं बर्फ, मग जैसलमेरची वाळू," बाबा पेन्सिलने खुणा करत होता.

"कोलकात्याची ट्राम विसरलास तर बघ हं, बाबा!" रेवाने झोकात बोट टेकवलं. "हे इथे!"

बोट नकाशाबाहेर, कोऱ्या फरशीवर होतं.

बाबाची पेन्सिल थांबली. सुमेधाने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि हळूच नकाशा सरकवून कोलकाता लेकीच्या बोटाखाली आणलं. "बरोब्बर!"

"आई, नकाशा सरकवलास ना?"

सुमेधाने तिला पोटाशी ओढलं. "परीक्षा गेली खड्ड्यात. बॅग भर, उद्याच निघू."