वाटपाचं स्वप्न

काल रात्री भोंगा बिघडला, म्हणून आमच्या वस्तीला स्वप्नच वाटलं गेलं नाही.

रोज झोपायच्या आधी भोंगा सांगतो आज सगळ्यांनी काय बघायचं. सकाळी पेजेच्या रांगेत ते म्हणून दाखवायचं. चुकलं की पेज वाढणारी मावशी घंटा वाजवते आणि तुम्हाला कोऱ्या खोलीत नेतात. तिथून माणूस परत येतो, त्याची झोप परत येत नाही.

आज सगळे परवा रात्रीचं गव्हाचं शेतच सांगत होते. माझ्यापुढे उभी आई कुजबुजली, "शहाणपणा नको. गहू म्हण आणि गप पेज घे."

पण मला गहू दिसलाच नव्हता. माझं डोकं सटकलं. मावशीला म्हटलं, "मी निळ्या पतंगाला लोंबकळत उडत होतो. खाली आपली वस्ती नव्हतीच. नुसतं पाणी होतं, लांबपर्यंत."

आईने डोळे मिटून घेतले. मावशीचा हात घंटेच्या दोरीकडे गेला आणि तिथेच राहिला.

मग तिने तो खाली घेतला, माझा वाडगा काठोकाठ भरला आणि वाकून हळूच विचारलं, "पाणी गार होतं का रे?"