चौथी सही

शेवटचा हप्ता भरून हौसाबाई घरी परतल्या, तर शेजारची रेश्मा फॉर्म आणि गरम डबा घेऊन दारात उभी.

"मावशी, इडलीच्या गाडीसाठी बचत गट कर्ज देतोय. चौथी जामीन तुम्ही राहा. रोज चार इडल्या पोचवीन."

हौसाबाई उंबऱ्यावरच टेकल्या. शेवयांच्या यंत्रासाठी त्यांनीही हेच बिनव्याजी कर्ज घेतलं होतं. वर्षभर चारही जामीनदारणी "आमच्या सह्यांवर यंत्र आलंय, बाई!" म्हणत किलो-किलो शेवया फुकट नेत होत्या.

सकाळपासून पोट रिकामं होतं. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावून परत दिला.

रेश्माचा चेहरा उतरला. "म्हणजे सही नाही?"

"पेन दे," हौसाबाई म्हणाल्या. "कर्ज बिनव्याजी आहे ना? मग सहीपण तशीच."