भोरकडं तोंड

पहिला गिअर पडला आणि पडल्यापडल्या उसळून बाहेर आला. आनंदरावांनी दांडी पुन्हा रेटली. खालून पाट्यावर खडे वाटल्यासारखा आवाज झाला, पण गाडी जागची हलेना.

"ऱ्हाऊ द्या जावईबापू," शेजारी बसलेला रखमाजी म्हणाला. "बैल बसल्यावं चाबूक मारून काय उपेग?"

रखमाजी भोरच्या बाजारातून मिठाचं गाठोडं घेऊन हिर्डोशीच्या वर आपल्या वाडीला पायी निघाला होता. मागून ही दोनच माणसं बसतील एवढी लाल गाडी आली. सासऱ्यानं हात केला म्हणून जावई थांबले, नाहीतर थांबले नसते. ही गाडी पुण्याच्या कुणा गोऱ्या साहेबानं शर्यतीत पळवून पळवून तिचं चिपाड केलं होतं. आनंदरावांचे जंगलाचे ठेके तेव्हा जोरात होते, त्यांनी ती हौसेनं घेतली. पहिल्या दिवसापासून गिअरबॉक्सचं रडगाणं. कापूरहोळच्या मिस्त्रीनं दोनदा आत हात घातला, तरी दुखणं मुळातलंच. "आमची गाडी सपाटीला घोडा आन चढाला म्हैस," असं रतन माहेरी आली की हसून सांगायची. आता घाट उतरून महाडला ती विकून टाकायची होती. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार होतं.

रतन म्हणजे रखमाजीची एकुलती एक लेक. दोन वर्षांत या सासऱ्या-जावयात तिचं नाव निघालं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आनंदराव तिला माहेरी पोचवायला भोरहून निघाले होते. वाटेत नवराबायकोचं वाजलं, म्हणून अर्ध्यातूनच गाडी वळवली. भोरच्या वेशीशी ती रागारागानं उतरली आणि गेली ती गेलीच. असं आनंदरावांनी सांगितलं. नुसत्या त्यांच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवला असता की नाही कोण जाणे, पण भीमा धनगरानं डोळ्यांनी पाहिलं होतं. याच चढाच्या वरच्या वळणावर, तिन्हीसांजेला गाडी उभी होती, आत रतन बसलेली होती, आणि गाडीचं तोंड भोरकडं होतं. भीमा कधी खोटं बोलत नाही, शेळ्यांशीसुद्धा नाही. मग संस्थानच्या शिपायांनी सगळं भोर पालथं घातलं, नदीचे डोह पाहिले. घाटाच्या बाजूला कुणी फिरकलं नाही; फिरकायचं कारणच नव्हतं. लोकांनी आपल्या मनानं ठरवून टाकलं, की पोर कुणाचातरी हात धरून पळाली.

रखमाजीच्या बायकोचं, सारजाबाईचं मन मात्र ते घेत नव्हतं. त्या दिवशी दिवेलागणीनंतर वाडीखालच्या रस्त्यानं घाटाकडे काहीतरी रडत, दात खात गेलेलं तिनं ऐकलं होतं. शेजारणी म्हणाल्या, हडळ असेल. तेव्हापासून सांज झाली की ती दाराला कडी घालून बसे. आणि दर बाजाराला नवऱ्याला बजावे, की मोटारअड्ड्यावर विचारून या. जिती असली तर ओवाळीन, मेली असली तर मनसोक्त रडून घेईन, पण एक काय ते कळू द्या. रखमाजी आजही विचारून आला होता. आजही रिकामाच निघाला होता.

"एक बोलू का?" तो मिठाच्या गाठोड्याकडे बघत म्हणाला. "आमच्या पोरीनं तुमच्या घराला बट्टा लावला. पर तुमी कदी तोंडातनं वावगा शबूद काडला न्हाई. माझी मान वर हुईत न्हाई तुमच्याम्होरं."

आनंदरावांनी दांडीवरचा हात काढला.

"मामा, तुम्ही पायी पुढं व्हा. उजेड आहे तोवर पोचाल. मी बघतो गाडीचं."

"ह्यो गुडगा चढंल व्हय? आन तुमास्नी हितं एकलं टाकून जाऊ? पोर न्हाई, म्हणून नातं तुटलं का?"

आनंदराव बराच वेळ चढाकडे बघत बसले. ऊन डोंगराआड गेलं. शेवटी त्यांनी ब्रेक सैल केला, गाडी मागं घरंगळू दिली, आणि जरा रुंद जागा बघून दोनतीन हिसक्यांत तिचं तोंड फिरवलं. हात चांगले सरावलेले दिसले.

परत भोरला चाललो, असं रखमाजीला वाटलं. पण गाडी पाठीकडूनच चढ चढू लागली.

"उलट्या गिअरला जोर जास्त असतो," मान मागे वळवून आनंदराव एवढंच म्हणाले.

गाडीच्या पोटातून लांबलचक हेल निघाला. कुणीतरी रडत दात खावेत तसा तो आवाज. रखमाजीनं मिठाचं गाठोडं छातीशी ओढून धरलं. भुताचे पाय उलटे असतात, तशीच ही तुमची गाडी, असं थट्टेनं म्हणावं असं त्याला वाटून गेलं. डोळ्यांपुढे भोरची वाट खाली खाली जात होती आणि तो पाठमोरा घराकडे निघाला होता. जन्मात असा तो कधी घरी गेला नव्हता.

वरच्या वळणावर गाडीतलं पाणी उकळलं. आनंदरावांनी चाकाला दगड लावला आणि डबा घेऊन ते ओढ्यात उतरले. रखमाजी मांडीवर गाठोडं घेऊन, रतन बसायची त्या जागेवर बसून राहिला. समोर भोरच्या अंगाला एकदोन दिवे लुकलुकले.

उतारावर शेळ्यांच्या घंटा वाजल्या. भीमा धनगर काठीवर रेलून उभा होता. त्यानं गाडी निरखली, आतलं माणूस ओळखलं आणि हात उंचावला.

"रखमाजीबाबा," तो वरूनच म्हणाला, "तिनीसांजंचं भोरला कुठं निघालाव?"