टेलरकाकांची बटणं

"हात मागे!" बाई ओरडल्या.

नव्या मावशीने पुढे गेलेला हात चटकन मागे घेतला. समोर खाटेवर टेलरकाका बसले होते आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण काजाच्या आसपास नुसतंच भटकत होतं. बोटं थरथरली, बटण निसटलं. काकांनी हात मांडीवर टाकून दिला.

"नाही होत हो," ते म्हणाले.

"होईल. पण मावशी लावून देत राहिल्या, तर मात्र कधीच होणार नाही. ऐकलंत ना मावशी? घास भरवायचा नाही, पाय उचलून चपलेत घालायचा नाही. शेजारी उभं राहायचं, धीर द्यायचा आणि थांबायचं."

थांबायचं म्हणे! सकाळच्या पाळीला दोघीजणी आणि अख्खा मजला म्हाताऱ्यांचा. थांबायला वेळ आहे कुणाला? पण बोलायची सोय नव्हती. या बाई वृद्धांच्या या केंद्रात मुद्दाम शिकवायला आल्या होत्या. परावलंबी झालेल्या म्हाताऱ्यांना पुन्हा आपलं आपण जेवता यावं, कपडे घालता यावेत, म्हणून सेविकांनी कसं वागायचं, हे त्या शिकवत. शेवटी परीक्षा. प्रत्येकीने आपल्या वाट्याच्या एका माणसाकडून एक काम करवून दाखवायचं. नव्या सेविकेला ते जमलं नाही, तर तिला घरी पाठवणार होते.

नव्या मावशीला घरी जाऊन चालणार नव्हतं. नवरा गेल्यापासून ती आणि दोन मुली, एवढाच संसार होता. ही नोकरी गेली असती तर तिघी रस्त्यावर आल्या असत्या.

आणि तिच्या वाट्याला आले टेलरकाका! पक्षाघाताचा झटका आल्यापासून त्यांच्या बोटांतलं बळ गेलं होतं. पाय शाबूत, पण घास भरवावा लागे, कपडे घालावे लागत. माणूस मात्र लाघवी. "जन्मभर लोकांची बटणं लावली, आता माझंच एक ऐकेना," असं म्हणून स्वतःच हसत. तुळतुळीत टकलावरून हात फिरवत म्हणत, "बघ, केस विंचरून द्यायचा तरी त्रास नाही तुला."

बोटांच्या व्यायामासाठी बाईंनी त्यांना बँडेजची गुंडाळी दिली होती. उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. तीही दिवसेंदिवस आखूड होत चालली होती.

"खाता की काय, काका?"

"हातातून सुटते गं. जाते कुठेतरी."

काकांच्या समोरच्या खोलीत खिडकीतल्या आजी होत्या. दिवसभर खिडकीपाशी बसून बाहेर बघायच्या. वाचा गेलेली, भेटायला येणारं कुणी नाही. डोक्याला तर कुणाला हात लावू देत नसत. मावशी एकदा कंगवा घेऊन गेली, तर अशी किंकाळी फोडली की सगळा मजला गोळा झाला. तरी रोज सकाळी त्यांची वेणी घातलेली असायची. घट्ट, सारखी, टोकाला पांढऱ्या पट्टीची नेटकी गाठ. रात्रपाळीच्या सिस्टरला हे कसं साधतं, देव जाणे! लोकांच्या हाताला गुण असतो, आपल्याच हाताला नाही, असं मनात येऊन मावशी आणखी खट्टू व्हायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशीही बटण लागलं नाही. मावशी खाटेच्या कडेला बसली आणि तिला रडूच कोसळलं.

"अगं, काय झालं?"

तिने सगळं सांगून टाकलं. परीक्षा, मुली, नोकरी.

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्हाला कशाला घोर लावू? आणि काका, यात तुमचंही भलंच आहे. आपलं आपण करता आलं की इथे ठेवत नाहीत. बाहेर खाटेसाठी लोक ताटकळलेत. तुमचा मुलगा येऊन घेऊन जाईल."

"लगेच?"

"दुसऱ्याच दिवशी! सुटाल की इथून."

काका उघड्या दाराकडे बघत राहिले. घर आठवलं असेल, मावशीला वाटलं.

"रडू नकोस," शेवटी ते म्हणाले. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, मोठ्या सिस्टर आल्या. मावशी हात मागे बांधून उभी राहिली. काकांनी खालचं बटण धरलं. लागलं. त्याच्या वरचं लागलं. बोटं थरथरली नाहीत की अडखळली नाहीत. बघता बघता ते गळ्यापर्यंत पोचले.

"बघितलंत?" बाईंनी टाळ्या वाजवल्या. "थांबलं की होतं!"

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. काका तिच्याकडे बघून मान हलवत होते, पण हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा आला. "एवढ्यात बरे झालात?" त्याने विचारलं, आणि त्या विचारण्यात आनंद कमी, पंचाईतच जास्त होती. त्याने पिशवी उचलली. दाराबाहेर पडताच काका थबकले. समोर आजी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या.

"बाबा, चला ना."

"जरा थांबतो. दम लागला."

मावशीने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला. काकांनी तो हलकेच थोपटला आणि चालू लागले.

मावशीची नोकरी पक्की झाली. रात्री ती निवांत झोपली. सकाळी चहा घेऊन आजींच्या खोलीत गेली तर आजी खिडकीपाशी नव्हत्याच. दाराकडे तोंड करून बसल्या होत्या, केस खांद्यांवर मोकळे, गुंतलेले.

"सिस्टर, आजींची वेणी राहिली का हो आज?"

रात्रपाळीची सिस्टर घरी निघाली होती. "मला काय विचारतेस? मला कुठे हात लावू देतात त्या! मला वाटायचं, दिवसा तूच घालतेस."

मावशीने चहा आजींपाशी ठेवला. मग नव्या माणसासाठी काकांची खाट आवरायला गेली. चादर ओढली, उशी उचलली. खाली बँडेजची उरलेली गुंडाळी होती, आणि एक कंगवा. त्याच्या दात्यांत लांब पांढरे केस अडकले होते.